बिट्विन यू अँड आय

पाचवीत असताना मला कळलं, की इंग्रजीतला 'मी' म्हणजे मी नव्हे, मला.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. कराडजवळच्या आमच्या शाळेत त्या वर्षी इंग्रजीला नवीन बाई आल्या होत्या. पहिल्याच महिन्यात त्यांनी एकेकाला फळ्यापाशी बोलावलं आणि स्वतःबद्दल एक वाक्य लिहायला सांगितलं. मी लिहिलं, 'मी अ‍ॅम अ गर्ल.' एम आणि ई मिळून मी होतो हे मला आदल्या दिवशीच समजलं होतं आणि मी खूश होते, की चला, एक शब्द तरी आयता मिळाला. वर्गात कुणी हसलं नाही. सगळ्यांना ते बरोबरच वाटत होतं. हसल्या त्या बाई.

"अगं, हा तुझा मी नव्हे," त्या म्हणाल्या. "हा त्यांचा मी. त्यांचा मी म्हणजे आपला मला. आणि आपला मी म्हणजे त्यांचा आय."

हे पचायला मला कितीतरी दिवस लागले. कारण ते तेवढ्यावर थांबत नव्हतं. मराठीत मला भूक लागते, मला ताप येतो, मला गाणं आवडतं, मला उशीर होतो. म्हणजे सगळीकडे मला. मग तिथे 'मी' घालायला गेलं, की बाई म्हणायच्या, नाही, इथे आय. भूक लागली की आय, ताप आला की आय. आईने मारलं की मात्र मी. मी रडवेली व्हायचे. शेवटी बाईंनी एक युक्ती शिकवली. वाक्यात आपल्याबरोबर दुसरं कुणी असेल तर त्याच्यावर तळहात ठेवायचा आणि उरलेलं वाक्य वाचायचं. 'बाबांनी आंबा दादाला आणि मला दिला.' दादावर हात ठेवा. बाबांनी आंबा आय दिला? नाही ना? मग 'मी'. माझ्या वहीच्या पानांवर वर्षभर तळहाताचे घामट डाग असायचे.

हे एवढं सांगायचं कारण, तो एक नियम मी कष्टाने मिळवलेला होता. ज्यांच्या घरात इंग्रजी बोललं जातं त्यांना तो हवेतून मिळतो, असं मला पुढे किती वर्षं वाटत होतं.

चोविसाव्या वर्षी मी ऑकलंडला शिकायला आले. डिप्लोमा केला, नंतर नोकरी, लग्न, कायम राहण्याचा परवाना. त्या परवान्यासाठी इंग्रजीची परीक्षा दोनदा दिली. पहिल्यांदा लेखनात अर्धा गुण कमी पडला होता. आता आम्ही टाकानिनीला राहतो, नवीन वसाहतीत. इथली सगळी घरं एकमेकांना चिकटलेली आणि एकाच राखाडी रंगाची आहेत. माझी नोकरीही अशाच घरांची आहे. अशा वसाहतींमधल्या सामाईक गोष्टी, म्हणजे रस्ता, कुंपण, कचऱ्याचे डबे, पाहुण्यांच्या गाड्यांची जागा, हे सांभाळणाऱ्या एका लहान कंपनीत मी काम करते. लोक तक्रार करतात, मी फोन करते, मग जे ठरलं ते पत्रात लिहून पाठवते. पत्राची सुरुवात 'किया ओरा'ने, म्हणजे इथल्या माओरी नमस्काराने, शेवट माझ्या सहीने. दिवसाला पाच-सहा पत्रं तरी होतात.

माझी मॅनेजर पन्नाशीची, क्राइस्टचर्चजवळ हॉर्नबीत वाढलेली. मनाने चांगली बाई आहे, हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही. फेजोआच्या दिवसांत पिशव्या भरभरून फळं आणते. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला आठवणीने कार्ड देते. मी लागले तेव्हा पहिले काही महिने माझी पत्रं बाहेर जाण्याआधी ती बघत असे. दुसऱ्याच महिन्यात एका पत्रात मी लिहिलं होतं, की 'तुमच्यात आणि माझ्यात फोनवर जे ठरलं त्याप्रमाणे'. इंग्रजीत ते 'बिट्विन यू अँड मी'. पत्र परत आलं तेव्हा त्या 'मी'वर लाल रेघ होती आणि शेजारी 'आय' लिहिलेलं होतं.

मी तिच्या टेबलापाशी गेले. "इथे 'मी' हवं असं मला वाटतं," मी म्हणाले. 'वाटतं' हा शब्द मी मुद्दाम घातला होता. वाटत नव्हतं, माहीत होतं.

"नाही गं," ती हसत म्हणाली. "'मी' जरा गावठी वाटतं. पत्रात 'आय'च बरं."

मी तिला बाईंची युक्ती सांगितली. दुसऱ्यावर हात ठेव आणि वाच. तिने खरंच स्क्रीनवर हात ठेवला. "बिट्विन आय," तिने वाचलं. मग म्हणाली, "बिट्विन मी. अगं, दोन्ही विचित्रच वाटतंय!" आणि मनापासून हसली. बरोबरच होतं तिचं. 'बिट्विन'ला दोघं लागतात. एकावर हात ठेवला की वाक्यच मरतं. बाईंच्या युक्तीला नेमका तिथेच दगा द्यायचा होता. मला पुढे काही सुचलं नाही. मी 'आय' ठेवलं, सही केली, पत्र पाठवलं.

घरी जाताना मोटरवेच्या रॅम्पवर दिवा लाल होता, तेव्हा सुचलं. आपण 'बिट्विन अस' म्हणतो, 'बिट्विन वी' कुणी म्हणत नाही! म्हणजे तिथे 'आम्ही'चं रूप चालत नाही, 'आम्हाला'चं लागतं. मग 'आय' कसं चालेल? मी गाडीत एकटीच मोठ्याने म्हणाले, "बिट्विन वी, बिट्विन वी." मागच्याने हॉर्न दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला ते सांगितलं. ती कॉफी करत होती. "तू घरी जाऊन याच्यावर विचार केलास?" ती म्हणाली. तिला कौतुकच वाटलं होतं. "भारीच आहेस तू." आणि कॉफी घेऊन निघून गेली. पुढच्या आठवड्यात पुन्हा 'मी'वर लाल रेघ.

मग मी पळवाटा शोधायला लागले. 'आपल्या संभाषणात', 'फोनवर ठरल्याप्रमाणे', 'या कार्यालयाशी झालेल्या बोलण्यानुसार'. इंग्रजीत 'मी' आणि 'आय' दोन्ही टाळून पत्र लिहिता येतं, पण ते कोर्टाच्या समन्ससारखं दिसतं. एका बाईंनी फोन करून विचारलंसुद्धा, "माझ्यावर केस वगैरे करताय का?" त्यांच्या फक्त डब्याचं झाकण तुटलं होतं. असं वर्ष-दीड वर्ष चाललं. ज्या वाक्यात मी स्वतः आहे ते वाक्यच मी लिहीत नव्हते. हे कुणाला सांगायला जावं तर काय सांगणार? शब्द केवढा, आणि रडणं केवढं.

तोवर मॅनेजरने माझी पत्रं बघणं सोडलं होतं. फक्त तक्रार मोठी असली की ती बघायची. एका शुक्रवारी तशी एक आली. आमच्या एका वसाहतीत अगदी टोकाच्या घरात एक निवृत्त शिक्षक एकटे राहतात. वाऱ्याने त्यांच्या बाजूचं कुंपण आडवं झालं होतं. त्यांनी तीनदा फोन केला होता आणि कंत्राटदार तिन्ही वेळा गेला नव्हता. मी त्यांच्याशी बोलले, नवीन दिवस ठरवला आणि घाईघाईत पत्र लिहिलं. त्या घाईत, सवय नव्हे तर स्वभाव म्हणावा तसं, 'बिट्विन यू अँड मी' लिहून गेले. पत्र मॅनेजरकडे गेलं, 'आय' होऊन आलं. मी ते पाहिलं. मुलीला पोहण्याच्या क्लासहून आणायचं होतं. मी सही केली. त्यांना ईमेल नको असायचा, म्हणून कागद पाकिटात घातला आणि निघाले.

दहा दिवसांनी तेच पत्र परत आलं, आमच्याच पत्त्यावर. 'आय'भोवती लाल शाईचा गोल होता. समासात सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ''मी', 'आय' नव्हे.' आणि खाली माझ्या सहीशेजारी, 'इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशा कुणाकडून तरी पत्रं तपासून घेत जा.'

टपाल आधी मॅनेजरच्या हातात पडतं. तिने ते वाचलं आणि माझ्या टेबलाशी आली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नकोस," ती म्हणाली. "असतात असे लोक. उद्धटपणा आहे हा." मग जरा थांबून म्हणाली, "पण असं करू या, आता पुन्हा काही दिवस सगळीच पत्रं माझ्याकडून जाऊ देत. आणि एक ऑनलाइन कोर्स आहे, इंग्रजी दुसरी भाषा असणाऱ्यांसाठी. कंपनी पैसे देईल. तुला आवडेल तो."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिला खरंच आठवत नव्हतं. तिचा चेहरा वाचता येतो मला. त्यात लबाडी नव्हती. तो शब्द तिने घातला होता हे ती साफ विसरली होती आणि त्या लाल गोलाकडे बघूनही तिला काही आठवलं नाही. कसं आठवणार? तिच्या लेखी चूक मातृभाषावाल्याच्या हातून होत नसते, ती माझ्यासारखीच्याच हातून होते. त्या म्हाताऱ्या गुरुजींनाही तेच वाटलं होतं. दोघांचं व्याकरण वेगळं होतं, पण चूक कुणाची, यावर त्यांचं एकमत होतं.

फाइलमध्ये जुनी प्रत होती. चार वेळा क्लिक केलं असतं तर माझा 'मी' आणि त्यावरची तिची रेघ, दोन्ही दिसलं असतं. शेजारच्या टेबलावरची मुलगी कान देऊन ऐकत होती. मी तोंड उघडलं आणि "ओके" म्हणाले. वर "थँक यू" पण म्हणाले.

घरी आले तेव्हा नवरा कांदा चिरत होता. मी पर्स ठेवायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. त्याने शांतपणे ऐकलं.

"सोड ना," तो म्हणाला. "एका शब्दासाठी एवढा त्रास करून घेतेस? आमच्या ऑफिसात कोण काय लिहितं, कुणी बघत पण नाही."

"तुमच्यात कोड लिहितात रे. तिथे एक अक्षर चुकलं तर रात्रभर जागता की नाही?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? चूक माझी नव्हती! माझी असती तर मी चार शिव्या खाल्ल्या असत्या."

"मग तिला सांगायचं ना तोंडावर."

हेच मला नको होतं ऐकायला. तेवढ्यात आमची नऊ वर्षांची लेक मैत्रिणीबरोबर पोहायला जायच्या तयारीत जिन्यावरून धडधडत खाली आली. इथेच जन्मलेली. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. "आई, मी अँड हर आर गोइंग टु द पूल," ती म्हणाली. "व्हेअर आर माय टॉग्ज?"

"शी अँड आय!" मी ओरडले.

ती दचकली. "व्हॉट?"

"मी अँड हर नाही. शी अँड आय. म्हण."

"नोबडी सेज दॅट, आई."

"मी सांगतेय ना? म्हण. पाच वेळा म्हण."

तिने म्हटलं. दगडासारखा चेहरा करून, पाच वेळा. मैत्रीण दारात उभी राहून बघत होती. नवऱ्याने सुरी खाली ठेवली आणि टॉग्ज, म्हणजे तिचे पोहायचे कपडे, शोधायला गेला.

त्यानंतर मला जणू नादच लागला. लेकीच्या तोंडून 'मी अँड' निघालं, की मी जिथे असेन तिथून ओरडायचे, "आय!" गाडीत, डेअरीत दूध घेताना, शाळेच्या फाटकाशी. दिवसभर ऑफिसात जे बोलता येत नव्हतं ते मी तिच्यावर काढत होते. हे कळत होतं, तरी थांबता येत नव्हतं. तिकडे दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तो कोर्स करत होते. एका धड्यात चक्क 'बिट्विन' होतं. योग्य पर्याय निवडा. मी 'मी' निवडला, हिरवी खूण आली. मला तो संगणक उचलून तिच्या टेबलावर नेऊन ठेवावासा वाटला. मी डब्यातली भाजी संपवली.

महिन्याभराने लेकीच्या शाळेत पालकांना मुलांच्या वह्या बघायला बोलावलं. तिने मैत्रिणीबरोबरच्या समुद्रावरच्या सहलीची गोष्ट लिहिली होती. गोष्ट छान होती. भरतीच्या वेळी टॉवेल वाहून गेला होता, त्याच्यामागे बाबा धावले होते. आणि मग तिथे वाक्य होतं, 'डॅड बॉट आइसक्रीम फॉर शी अँड आय.' त्याच्या शेजारी शिक्षिकेने चांदणी काढली होती.

मी त्या बुटक्या खुर्चीवर बसून ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. 'हर अँड मी' हवं होतं. दोन महिन्यांपूर्वी तिने न विचार करता तेच लिहिलं असतं आणि ते बरोबर आलं असतं.

"हे असं का लिहिलंस?" मी शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं.

"बिकॉज यू सेड," ती म्हणाली.

मग मी तिला तळहाताची युक्ती दाखवली. तिने 'शी अँड'वर हात ठेवला आणि वाचलं, "डॅड बॉट आइसक्रीम फॉर आय." ती खुदकन हसली. "दॅट्स सो डम्!" आणि लगेच हसू थांबवून माझ्याकडे बघत म्हणाली, "देन व्हाय डिड यू मेक मी से आय?"

काय सांगणार होते मी तिला? की ते दुसरं वाक्य होतं? की वाक्याच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक? मी तिला नियम कुठे दिला होता, मी तिला फक्त भीती दिली होती. 'मी' म्हटलं की आई खेकसते, एवढंच तिला कळलं होतं. मग तिने तो शब्द जिथेतिथे काढून टाकला.

पुढच्या आठवड्यात कुंपणाचं काम एकदाचं झालं आणि ते बघायला मला त्या निवृत्त शिक्षकांकडे जावं लागलं. फोटो काढून आणायचे असतात. मी रस्ताभर वाक्यं जुळवत होते. ते दार उघडतील, मी कुंपण बघेन आणि मग अगदी सहज सांगेन.

त्यांनी दार उघडलं. उंच, काठी टेकत चालणारे, स्वेटरला कोपरावर ठिगळ. माझं नाव ऐकून ते ओशाळले, असं मला वाटलं. कदाचित मला तसं वाटायला हवं होतं. आम्ही मागे गेलो. कुंपण नीट होतं, एक खांब जरा तिरका होता. मी फोटो काढले. मग म्हणाले, "ते पत्र. मी ते तसं लिहिलं नव्हतं. आय रोट 'मी'."

"बरं?" ते म्हणाले.

"मी 'मी'च लिहिलं होतं. ते नंतर बदललं गेलं."

"कुणी बदललं?"

"ऑफिसात."

ते तिरक्या खांबाकडे बघत राहिले. "पण खाली सही तुमची होती," ते म्हणाले.

"हो."

"शब्द चूक आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग सही का केलीत?"

आवाजात राग नव्हता. वर्गात एखाद्या हुशार मुलीला विचारावं तसं विचारलं त्यांनी, उत्तर ऐकण्याची खरी इच्छा धरून. पोहण्याचा क्लास सुटत होता, हे सांगणार? की इथे आल्यापासून मी बरोबर असण्यापेक्षा बरी असण्याला जास्त जपलं, हे? मी म्हणाले, "खांब सरळ करायला माणूस पाठवते."

"तेवढं केलंत तर बरं होईल," ते म्हणाले. मग फाटकापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "ती मातृभाषेची ओळ मी लिहायला नको होती." त्यांनी माफी मागितली नाही, पण एवढं म्हणाले.

गाडीत बसल्यावर मला संताप आला. आधी त्यांचा. पत्रावर लाल शाई चालवायला कुणी सांगितलं होतं? मग मॅनेजरचा. मग गुरुजींचं बरोबर होतं याचा. स्वतःच्या शेतातली चिंच दुसऱ्याने झोडली आणि आपण वर टोपली धरून उभे राहिलो, असं झालं होतं माझं.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला म्हणाले, पाच मिनिटं हवीत. दार लावलं, फाइल उघडली, जुनी प्रत दाखवली. माझा 'मी', त्यावर रेघ, शेजारी 'आय', आणि बाजूच्या पट्टीत तिचं नाव आणि वेळ.

तिची मान लाल झाली. "ओह," ती म्हणाली. "दॅट वॉज मी."

माझ्या बाईंच्या जुन्या पुस्तकाप्रमाणे तिथे 'आय' हवा होता. माझ्या डोक्यात ते आलं आणि मी ते तिथेच गिळलं. तो एक वाद मला घालायचा नव्हता. आणि 'दॅट वॉज आय' कुणी म्हणतं का कधी?

"पण खरंच 'मी' बरोबर आहे?" तिने विचारलं. मी मान डोलावली. ती खुर्चीत मागे टेकली. "माझी आजी," ती म्हणाली, "आम्ही पोरं 'मी अँड' म्हणून बोलायला लागलो, की जेवणाच्या टेबलावर चमच्याने बोटांवर मारायची. अजून 'मी' लिहायला गेले की मला बोटं आखडल्यासारखी वाटतात."

मला माझी लेक दिसली, दगडासारखा चेहरा करून पाच वेळा म्हणणारी. मॅनेजरची दया यायला हवी होती मला. आलीही थोडी. पण मी तिथे दया करायला गेले नव्हते.

"त्यांना एक ओळ लिहिशील का, की चूक माझी नव्हती?" मी विचारलं.

तिने नाक मुरडलं. "कशाला पुन्हा उकरून काढायचं? त्यांचं कुंपण झालंय. मला वाईट वाटतंय गं, खरंच. सॉरी. पण तो कोर्स काही वाया गेला नाही ना? उजळणी झाली तुझी."

"यापुढे मी जे लिहिलं नाही त्यावर सही करणार नाही," मी म्हणाले. "तुला बदलायचं असेल तर बदल, पण खाली नाव तुझं घाल."

तिने फाइल बंद केली. मला वाटलं, गेली नोकरी. मग ती म्हणाली, "स्वीट अ‍ॅज. चालेल. तुला हवं ते लिही. पण ऐकायला चुकीचंच वाटतं, हं." म्हणजे पुराव्यानेही तिचं मत बदललं नाही. तिने फक्त मला परवानगी दिली. बरोबर लिहिण्याची परवानगी.

कोर्सचं प्रमाणपत्र आलं तेव्हा तिने ते छापून कॉफीच्या मशिनवर चिकटवलं, माझं नाव मोठ्या अक्षरात. लोक येता-जाता "वेल डन" म्हणायचे. मी ते दोनदा काढलं, तिने कौतुकाने दोनदा परत लावलं. आता मी नाद सोडलाय.

लेकीचं सांगायचं तर मी तिला टोकणं बंद केलं. पण जे बिघडायचं ते बिघडलं. ती आता 'मी' किंवा 'आय' म्हणायच्या आधी थबकते, डोळे वर करते, मग काहीतरी एक ठोकून देते. कधी बरोबर, कधी चूक. पूर्वी ती थबकत नसे. परवा फोनवर कराडला माझ्या आईला मराठीत सांगायला गेली आणि म्हणाली, "आजी, मी भूक लागली." आई खो खो हसली. "अगं, भूक तुला लागते. तू भुकेला कशी लागशील?" लेकीने माझ्याकडे फोन दिला आणि इंग्रजीत म्हणाली, की मला नाही बोलायचं. मी तिला समजावायला गेले, तर मला तरी कुठे सांगता आलं, भूक आपल्याला का लागते आणि इंग्रजीत आपण स्वतः भुकेले का असतो ते?

त्यानंतर मी पत्रांत 'बिट्विन यू अँड मी' लिहायला लागले, मुद्दाम, जिथे टाळता आलं असतं तिथेही. पहिले काही दिवस काही झालं नाही. मग दुसऱ्या एका वसाहतीच्या रहिवाशांच्या समितीचा अध्यक्ष, एका बँकेत नोकरी करणारा तरुण, त्याचा ईमेल आला. पाहुण्यांच्या गाड्यांबद्दल मी त्याला लिहिलं होतं. त्याने उत्तरात गाड्यांबद्दल एक ओळ लिहिली होती आणि खाली, 'सहज सांगतो, ते 'बिट्विन यू अँड आय' असं हवं,' आणि पुढे हसरा चेहरा. प्रत मॅनेजरला. मॅनेजरने तो मला पुढे पाठवला. वर काहीही न लिहिता, नुसता आणखी एक हसरा चेहरा.

मी उत्तर लिहायला बसले. नियम लिहिला. 'बिट्विन अस'चं उदाहरण लिहिलं. कोर्सचा धडा जोडला. पान भरलं. वाचून पाहिलं तर ते पाचवीतल्या रडवेल्या मुलीने लिहिल्यासारखं दिसत होतं. सगळं पुसलं. मग दोन ओळी लिहिल्या, 'वाक्य आहे तसंच बरोबर आहे. गाड्यांच्या जागेवर रेघा मारायला माणूस मंगळवारी येईल.' खाली माझं नाव.

पाठवून टाकलं. समाधान वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. मंगळवारी पाऊस आला, रेघा मारायचं काम पुढे गेलं, आणि मला त्याला पुन्हा पत्र लिहावं लागलं.